टांगत्या झोपाळ्यावरची ओटी

...नाही, पण मी म्हणते, माणूस एवढं विमानात बसून, कानात कापूस घालून, पाय आखडून परमुलखात जातो ते कशासाठी? चार माणसं दिसावीत, कोण कुठलं, काय करतं, बरोबरची सून आहे की लेक, हे कळावं म्हणूनच ना? मग जिथे माणूसच नाही अशा ठिकाणी जायचं, आणि वर हात पसरून म्हणायचं, ‘वॉव काकू, बघा ना, कुणीच नाहीये!’ अहो, कुणीच नाहीये तर मी बघू काय?

तुम्हाला सांगते, हे सगळं आमच्या अंकुरचं खूळ. अंकुर म्हणजे आमच्या समोरच्या दारातला. इथे सिंगापुरात, आंग मो किओला आमच्या ब्लॉकमध्ये लिफ्टमधून बाहेर आलात की डावीकडे मी आणि आमचे हे, उजवीकडे अंकुर, त्याची बायको मैत्रेयी आणि त्यांची जाई. नऊ वर्षांची आहे, पण बोलते अशी की तीच मला सिंगापूरला घेऊन आली. दोन दारांत अंतर किती? इकडे माझ्या कढईत मिरच्या पडल्या की तिकडे अंकुरला ठसका लागतो, एवढं. पुण्याचा मुलगा, बँकेत आहे, फ्लॅट भाड्याचा आहे, पगार... जाऊ दे, मला माहीत आहे पण मी सांगणार नाही. मला काय करायचंय! मी आपली शेजारीण.

आता तुम्ही म्हणाल, सविताबाई, तुमचा आणि बर्फाचा संबंध काय? तेच तर! मी बार्शीची. आमच्याकडे उन्हाळ्यात कावळासुद्धा सावलीत बसून ओरडतो. दहावी झाले, शिवणाचा क्लास केला, लग्न झालं, इथे आले, आणि इथे तर बारा महिने घाम. पण अर्ध्या सिंगापुरातल्या मराठी माणसांचे लोकरी कपडे माझ्याकडे! म्हणजे कसं, की इथे थंडीचे कपडे लागतात कधी? कुणी स्वित्झर्लंडला गेलं, कुणी कोरियाला गेलं, तर आठ दिवस. मग एकाचं जाकीट दुसऱ्याने न्यायचं, दुसऱ्याचे मोजे तिसऱ्याने. आणि मधल्या वेळात ठेवायचं कुठे? क्लेमेंटीची मेधा एकदा म्हणाली, ‘सविता, तुझ्या बॉम्ब शेल्टरमध्ये जागा आहे का गं?’ झालं! अहो, आमच्या घरात एक खोली आहे, जाड भिंतीची, लोखंडी दाराची, सरकारने बांधून दिलेली, की उद्या बॉम्बबिंब पडले तर आत जाऊन बसा. त्या खोलीत आज भरगच्च जाकिटं. म्हणजे बॉम्ब पडला तर आम्ही दोघं बाहेर आणि मेधाची कानटोपी आत सुरक्षित!

तर माझ्या खोलीतली जाकिटं सगळं जग फिरून आली. काश्मीर बघून आली, आल्प्स बघून आली. परत आली की मी खिसे बघते... अहो, धुवायच्या आधी बघावेच लागतात! कोण कुठे काय खाऊन आलं, कोण कुणाबरोबर केबल कारमध्ये बसलं, सगळं समजतं. बर्फ मात्र मी फ्रीझरमधलाच बघितलेला.

नोव्हेंबरात मैत्रेयी आणि जाई आल्या माझ्याकडे कपडे न्यायला. शाळेला सुट्टी लागणार, जपानला स्कीइंग. मी एकेक जाकीट काढतेय, हे तुझ्या बाबाला होईल, हे आईला होईल, आणि जाई सूटकेसवर बसून मला विचारते, ‘काकू, विच वन इज युअर्स?’

म्हटलं, ‘माझं कशाला असेल बाळा?’

‘यू नेव्हर सी स्नो मेह?’

म्हटलं, ‘बघितला की! फ्रीझर कोण साफ करतं?’

‘दॅट वन नॉट काउंटेड, लाह.’

आणि मग दोन-तीन दिवसांनी अंकुर दारात. चपला न काढता, उभ्या उभ्या. ‘काकू, तुम्ही पण चला आमच्याबरोबर. नाही म्हणू नका, बुकिंग केलंय.’

माझ्या हातातला झारा हातातच राहिला! आमचे हे, विश्वास नाव त्यांचं, पेपरातून तोंड न काढता म्हणाले, ‘जा की. पोरं एवढं म्हणतायत. मला स्वयंपाक येतो.’ ह्यांना येणारा स्वयंपाक म्हणजे दहीभात, आणि तोसुद्धा भात मी लावून ठेवला तर.

आता मला सांगा, तुम्हाला कुणी शेजाऱ्यांनी बर्फ दाखवायला नेलंय? उगाच? फुकट? नाही ना? मला पण वाटलंच. तोंडाने हो म्हटलं, पण डोक्यात किडा सुरू झाला. आणि त्या किड्याला खायला घातलं कॉरिडॉरच्या टोकाच्या लिम आंटीने. लिफ्टपाशी भेटली, मी आपली आनंदाने सांगायला गेले तर डोळे बारीक करून म्हणते, ‘आइयो, सो गुड आह? लास्ट टाइम माय नेबर ऑल्सो ब्रिंग मी गो गेंटिंग. नेक्स्ट मंथ शिफ्ट हाउस!’

शिफ्ट हाउस!

म्हणजे शेजाऱ्याने तिला मलेशियात गेंटिंगच्या डोंगरावर फिरवलं आणि पुढच्याच महिन्यात घर बदललं! तुम्हाला सांगते, पायाखालची टाइल सरकली. म्हणजे ही निरोपाची ट्रिप! जाताना शेजारणीला गोड खाऊ घालतात तसं! मग मी बघायला लागले... म्हणजे मुद्दाम नाही, माझं दार उघडं असतं, ग्रिलला डोळे लागतातच माणसाचे. तर बघते काय, मैत्रेयी सोफ्याला टेप लावतेय. सोफ्याला कोण मापं लावतं? शिवणाचा क्लास मी केलाय, सोफ्याला झंपर शिवत नाहीत! मग एकदा त्यांच्या दाराबाहेर काळे, चकचकीत, टोकदार बूट. असले बूट घरं विकणाऱ्या एजंटचेच. शिवाय अंकुर कॉरिडॉरमध्ये फोनवर हळू आवाजात, ‘काकूंना ट्रिपमध्येच सांगू.’ आता बोला! हळू बोलायचं तर माझ्या दारासमोर कशाला बोलायचं?

शेवटी जाईला चकली दिली. एक दिली, दोन दिल्या, डबाच पुढे ठेवला. म्हटलं, ‘काय गं, कुठे जाणार तुम्ही?’ तर चकली खाऊन, बोटं चाटून म्हणते, ‘कॅनॉट से लाह, काकू. मम्मी से सीक्रेट.’ सगळा डबा संपवला पोरीने, एक अक्षर सांडलं नाही.

कुठे जाणार हे मीच ओळखलं. ईस्ट कोस्ट! दर रविवारी तिथे सायकली चालवायला जातात, समुद्राच्या वाऱ्याचं कौतुक करतात, तिथे कॉन्डो घेतला असणार. कॉन्डोत कसलं आलंय ग्रिल आणि कसला आलाय कॉरिडॉर! खाली सिक्युरिटीवाला विचारणार, ‘हू आर यू?’ आणि मी काय सांगू, ‘मी आपली शेजारीण’? कुणाची?

त्यातच वरच्या मजल्यावर टॅन अंकलकडे दिवसभर ओढाओढी. खोकी सरकवल्यासारखे आवाज, दणदण, खरखर. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, ‘म्हाताऱ्याला काय एवढी साफसफाई सुचलीय? इथे माझं डोकं फिरलंय समोरच्यांच्या पायी!’ आणि खिडकी लावून घेतली. हे लक्षात ठेवा हं, खिडकी लावून घेतली मी.

मग मेधाला फोन केला. फक्त मेधाला! तिला म्हटलं, ‘कुणाला सांगू नकोस.’ संध्याकाळपर्यंत बायकांच्या ग्रुपवर निरोप समारंभ ठरला, केकवर काय लिहायचं ते ठरलं, कुणी वडे करायचे, कुणी चटणी, ते ठरलं. आणि मेधा म्हणाली, ‘सविता, जाणारी बाई आहे, मोकळ्या ओटीने पाठवू नकोस हं.’ ते मात्र मला पटलं. सेरांगून रोडच्या देशी दुकानातून खण आणला, हिरवा, लाल काठाचा. हळकुंड, सुपारी, कुंकवाची डबी, सगळं एका पुडीत बांधलं. नारळ राहिला, कारण अंकुर आधीच बजावून गेला होता, ‘काकू, फळंबिळं काही घेऊ नका, एअरपोर्टवर पकडतात.’

आणि गंमत बघा. मी, जी लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसाला दोन मजल्यांत लग्न झालंय का ते विचारते, ती मी ह्या दोघांना एका शब्दाने विचारू शकले नाही. दिवसातून दहादा तोंड उघडलं आणि ‘जेवलीस का?’ विचारून मिटलं. कारण विचारलं की ते ‘हो’ म्हणणार. नाही विचारलं तर अजून समोरचं दार आहे, दुपारी शाळेची पाणबाटली आपटत जाई येतेय, ‘काकू, हंग्री!’ म्हणतेय... जाऊ दे. जायचं त्याने जावं. मला काय करायचंय! मी आपली शेजारीण.

निघायच्या आदल्या दिवशी मी आपल्याला जाकीट शोधायला शेल्टर उघडलं, तर काय? डिसेंबर! चांगलं होतं ते सगळं लोकांनी नेलेलं! उरलं होतं कुणाच्या तरी कॉलेजच्या पोरीचं भडक गुलाबी जाकीट, आणि सहा फुटी माणसाची काळी पँट. पँट खालून दुमडली, कमरेला परकराची नाडी ओवली. आरशात बघितलं तर गॅसचा सिलिंडर वाढदिवसाला निघालेला!

तर पोचलो. जपानच्या उत्तरेला एक डोंगर, त्यावर एक जुनं हॉटेल, आणि बाकी... काही नाही! सीझन नुकताच उघडलेला, जपान्यांच्या पोरांच्या शाळा चालू, त्यामुळे सगळा डोंगर मोकळा. अंकुर दोन्ही हात पसरून, ‘आऽऽहा! काकू, ऐका! काहीच ऐकू येत नाहीये!’

म्हटलं, ‘अरे, मग ऐकू काय?’

पण तुम्हाला खरं सांगते, बर्फाला हात लावला ना... हातमोजा काढून लावला. लोक म्हणतात कापसासारखा असतो. खोटं आहे हो! रव्यासारखा असतो! कोरडा, बारीक, भुरभुरणारा रवा. आख्ख्या डोंगरावर रवा ओतलेला, आणि परात म्हणून नाही. मी ओंजळ भरली, उडवली, परत भरली. जाई बाजूला उभी राहून बघत होती, माझ्याकडे, बर्फाकडे नाही. ‘नाउ काउंटेड,’ म्हणाली. मी तेव्हा फार लक्ष दिलं नाही. गधडी मी!

पण बर्फ असा किती वेळ बघणार? संध्याकाळी जेवायला गेलो. सगळी टेबलं रिकामी, फक्त एकावर एक जपानी आजी-आजोबा. माझा जीव भांड्यात पडला. गेले, म्हटलं, ‘हॅलो! फ्रॉम व्हेअर?’ ते वाकले. म्हणून मी वाकले. म्हणून ते परत वाकले. मी परत. जेवण थंड झालं, पण ओळख काही झाली नाही.

आमच्या कॉरिडॉरमध्ये दाराबाहेरच्या चपला बघून मी सांगते, कोण घरात आहे, कोण रागावून गेलंय. इथे? सगळ्यांचे बूट भाड्याचे, सगळे काळे, एका फळीवर ओळीने ठेवलेले! काही कळायला मार्ग आहे? बायकांच्या गरम पाण्याच्या हौदात गेले, म्हटलं नदीवर असतं तसं बोलणं तरी होईल. एक बाई होती. डोळे मिटून! सकाळी बर्फात पावलं दिसली. म्हटलं, चला, कुणीतरी आहे! नाकासमोर माग काढत गेले बरीच वाट... तर कोल्हा! आणि मला बघून तोसुद्धा निघून गेला! आता ह्याला सुट्टी म्हणायचं?

मग स्की. ती लांबलचक फळकुटं पायाला बांधली की माणूस माणूस राहत नाही, बैलगाडी होतो, आणि बैल नसलेली. शिकवायला एक हसरी जपानी पोर. म्हणते, ‘पिझ्झा! पिझ्झा!’ म्हणजे पुढची टोकं जवळ, मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखी, की वेग कमी होतो. आता मी आयुष्यात पिझ्झा कितीदा खाल्ला? मी मनात म्हटलं, सविते, हा तर अडकित्ता! सासूबाईंचा अडकित्ता डोळ्यांसमोर आणला, टोकं जुळवली आणि काय सांगू, थांबले की! मग सुटले, मग परत अडकित्ता, परत थांबले. एकदा मात्र अडकित्ता लागलाच नाही. सगळा उतार मी ओरडत खाली, ‘अहो बाजूला व्हा! बाजूला व्हाऽऽ!’ बाजूला व्हायला होतं कोण! कोल्हा? मैत्रेयी हसून हसून बसली बर्फात. आणि मी पण हसत होते हो, खाली आडवी पडून, आकाशाकडे बघत. इतकी मी कधी हसले होते ते आठवेना. आणि तेवढ्यात आठवायचं, की हे शेवटचं.

दोन दिवस वाट बघितली. आता सांगतील, मग सांगतील. नाश्त्याला अंकुर म्हणाला, ‘काकू, तुम्हाला एक...’ मी म्हटलं, ‘चहा आणते!’ आणि पळाले. रात्री मैत्रेयी म्हणाली, ‘काकू, बसा ना जरा...’ म्हटलं, ‘पाय फार दुखतायत गं,’ आणि पांघरूण डोक्यावर! लोकांच्या बातम्यांमागे धावणारी मी, आता बातमी माझ्यामागे धावतेय आणि मी पळतेय!

शेवटच्या दिवशी मात्र ठरवलं. सांगू देत नाही तर नाही, ओटी तरी भरू. हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेले, तिथल्या आचाऱ्याला मूठ दाखवून म्हटलं, ‘राइस.’ त्याने वाडगाभर वाफाळता भात आणून ठेवला. म्हटलं, ‘नो नो, कच्चा!’ आणि दाताने कुडुमकुडुम करून दाखवलं. तो बिचारा घाबरून आत गेला आणि बायकोला घेऊन आला. तिला बरोबर कळलं! बाईचं बाईला कळतं. पिशवीत मूठभर तांदूळ घालून दिले, आणि नारळाऐवजी एक सफरचंद घेतलं मी, लालबुंद, बाळाच्या डोक्याएवढं.

वर जायला तिथे झोपाळा असतो. तारेला टांगलेला, दोघांचा बाक, खाली काही नाही, पाय अधांतरी आणि पायाला ती फळकुटं. पुढच्या बाकावर अंकुर आणि जाई, मागच्यावर मी आणि मैत्रेयी. निघालो. खाली झाडं, झाडांवर रवा, सगळीकडे अशी शांतता की आपल्याच नाकाचा आवाज येतो. आणि वर पोचताना जाईबाई उतरायला गेल्या आणि पडल्या, फळकुट एकीकडे आणि पोरगी एकीकडे. तिथल्या माणसाने झोपाळा थांबवला. आम्ही मधेच! टांगून!

जाईने वरून हात हलवला, ‘आय ओके, काकू! यू डोन्ट मूव्ह, आह!’ जणू मी उतरून चालतच जाणार होते.

मी म्हटलं, हीच वेळ. उंच जागा आहे, माणूसबिणूस नाही. स्कीच्या काठ्या मांडीखाली दाबल्या, हातमोजे दातांनी ओढून काढले, खिशातून पुडी काढली.

‘मैत्रेयी, जाकिटाची कड धर पुढे.’

‘काय?’

‘पदर नाही तर जाकीट धर गं! बोटं गोठली माझी!’

पोरीने धरलं. कुंकू लावायला गेले, झोपाळा हलला आणि ते लागलं नाकाला. तरी मी सोडलं नाही. खण घातला, हळकुंड, सुपारी, सफरचंद, आणि तांदूळ घालताना अर्धे वाऱ्याने खाली गेले. पांढऱ्यात पांढरे, दिसलेसुद्धा नाहीत कुठे गेले.

‘काकू, हे काय चाललंय?’

‘ओटी आहे. जाणाऱ्या बाईची भरतात.’

‘कुठे जाणाऱ्या?’

आता मात्र मला राहवेना! म्हटलं, ‘पुरे झालं गं तुमचं! मला काय कळत नाही? सोफ्याची मापं घेतलीस, एजंट येऊन गेला, काकूला बर्फ दाखवून गप्प करायचं आणि ईस्ट कोस्टला निघून जायचं! जा! सुखाने जा! फक्त दुपारी पोर शाळेतून आली की तिला गरम पोळी लागते, गार चालत नाही. ते तिथल्या बाईला सांगून ठेव. मला काय करायचंय, मी आपली...’ आणि पुढचा शब्द काही येईना हो तोंडातून. थंडीमुळे. थंडी होतीच फार.

मैत्रेयी माझ्याकडे बघतेय, नाकाला कुंकू, मांडीवर सफरचंद. आणि मग जी हसायला लागली, जी हसायला लागली, आख्खा झोपाळा गदगदा हलायला लागला! मी दोन्ही हातांनी दांडा धरला. म्हटलं, ‘अगं मेले, पडू आपण!’

‘काकू, ईस्ट कोस्ट कुणी सांगितलं तुम्हाला? आम्ही टॅन अंकलचा फ्लॅट घेतोय!’

‘कुठले टॅन अंकल?’

‘तुमच्या वरचे! अगदी डोक्यावरचे! ते मुलाकडे चाललेत राहायला. महिनाभर सामान बांधतायत, आवाज नाही आला तुम्हाला?’

आवाज! अहो, खिडकी लावून घेतली ना मी! समोर डोळे लावून बसले आणि डोक्यावर आख्खं घर हललं ते मला कळलं नाही! ही मी! जिला चौथ्या मजल्यावरची भांडणं तारखेनिशी पाठ आहेत!

म्हटलं, ‘मग लपवलंत कशाला?’

तर ही मान खाली घालून म्हणते, ‘सह्या होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नव्हतं त्यांना. टॅन अंकल म्हणाले होते...’

‘काय म्हणाले?’

‘जाऊ दे ना, काकू.’

‘काय म्हणाले!’

मैत्रेयीने अगदी त्यांच्यासारखं तोंड केलं, ‘डोन्ट टेल सविता फर्स्ट, आह. टेल सविता, होल आंग मो किओ विल नो!’

टॅन अंकल! ज्यांना मी दर दिवाळीला चिवडा देते! बिनमिरचीचा, वेगळा करून! मी कुणाला काय सांगते हो? तुम्हीच सांगा, तुम्हाला तरी मी कधी काही सांगितलं?

म्हटलं, ‘बरं. मग मला इथे कशाला आणलंत?’

तर म्हणाली, ‘ते जाईने. त्या दिवशी तुमच्याकडून घरी आली आणि जेवेना. म्हणे, काकूकडे सगळ्यांची जाकिटं आहेत आणि काकूने स्नोच बघितला नाही, हाउ कॅन? काकू नाही तर मी पण नाही येणार.’

मी समोर बघितलं. वर जाई दोन्ही पायांवर उभी राहून हात हलवत होती, हेल्मेट तिरकं झालेलं. मी एवढा तपास केला, एवढे धागे जुळवले, आणि चकल्या खाणाऱ्या पोरीच्या मनात काय आहे ते मात्र मला दिसलं नाही.

आणि तेवढ्यात झोपाळा सुरू झाला! बिनसांगता! हातात मोजे नाहीत, काठ्या मांडीखाली, मैत्रेयीच्या जाकिटात ओटी. वर पोचलो, उतरायला गेलो आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून जे आडव्या झालो, तर खण एकीकडे, सुपारी एकीकडे, बर्फावर कुंकू सांडलेलं. तो झोपाळा चालवणारे म्हातारे काका धावत आले. त्यांनी तो खण उचलला, बर्फ झटकला, दोन्ही हातांवर ठेवून वाकून मैत्रेयीला दिला. असा दिला की बाई, ओटी खरी त्यांनीच भरली!

आणि सफरचंद? ते सुटलं उतारावरून! टुणटुण, टुणटुण, थेट खाली. ‘अरे धरा, ओटीतलं फळ आहे!’ धरायला आहे कोण? जाई ओरडली, ‘काकू, गो! गो!’ आणि मी, सविता, वय विचारू नका, बार्शीची, गुलाबी जाकिटातली, निघाले सफरचंदाच्या मागे! अडकित्ता सोडला, अडकित्ता धरला, वारा कानात, मागून जाई किंचाळतेय, अंकुर किंचाळतोय, आणि डोंगरभर दुसरं कुणी नाही. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, बरं झालं बाई गर्दी नाही! नाहीतर एवढं ओरडता आलं असतं का मला? एकदाही पडले नाही. सफरचंद खाली जाळीला अडकून बसलं होतं, तिथेच चौघांनी दाताने तोडून खाल्लं.

आता पुढचं निस्तरणं! परत आलो तर खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, मेधा, ग्रुपच्या सगळ्या बायका, वडे, चटणी, आणि केकवर ‘मैत्रेयी, पुन्हा भेटू’. लिम आंटी हातात फुलं घेऊन, ‘सो सॅड, आह!’ मी आपली हळूच गेले आणि सुरीने ‘पुन्हा’ खरवडून टाकलं. ‘मैत्रेयी, भेटू’ राहिलं. लिफ्टमध्ये, वर. काय चुकीचं आहे त्यात?

तर गेल्या आठवड्यात गेले ते वर. आणि आता माझी अवस्था विचारा! आता दिसत काही नाही, सगळं ऐकावं लागतं. टाच जोरात पडली की अंकुर, सरपटत गेली की मैत्रेयी, आणि गोट्या घरंगळल्या की जाई. भूक लागली की पोरगी वरून तीनदा उडी मारते, धप धप धप, आणि मी झाडूच्या दांड्याने छताला एकदा ठोकते, म्हणजे ये. आमचे हे म्हणतात, ‘छत पडेल एक दिवस.’ पडू दे. शेल्टर आहे ना, आधी जाकिटं हलवली की झालं.

आणि हे कमी म्हणून की काय, समोरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये काल नवीन माणसं आली. दाराबाहेर चार जोड. त्यातला एक लहान पोराचा, एक म्हातारीचा, आणि दोन पुरुषांचे... बाईचा एकही नाही! का नसेल हो? आता हे कुणी बघायचं? म्हणजे डोळे समोर ठेवायचे, कान वर ठेवायचे, मधे कढई, दारात लिम आंटी... अहो, एकट्या बाईने बघायचं तरी किती? काम दुप्पट झालं की हो माझं! पण करणार काय, मी आपली शेजारीण... दोन-दोन घरांची.